डिंगी रेसिंग मजेचं, परवडणारं आणि गर्दीचं कसं ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिंगी म्हणजे नेमकी कोणती होडी?

साधारण सव्वादोन ते पाच मीटर लांबीची, एक किंवा दोन माणसांनी चालवायची, इंजिन नसलेली उघडी शिडाची होडी. तिच्या तळाला शिशाचं वजन नसतं. वरखाली होणारी एक फळी असते, तिला डॅगरबोर्ड किंवा सेंटरबोर्ड म्हणतात. होडी सरळ ठेवायचं काम खलाशाचं अंगवजन करतं, म्हणून ती उलटते. आणि हलकी असते, म्हणून दोघंजण तिला ट्रॉलीवर घालून किनाऱ्यावर आणू शकतात. मरीना नको, क्रेन नको, बारमाही नांगर नको. डिंगी परवडते ती एवढ्याचसाठी.

आमच्या क्लबात दर वर्षी शर्यतीला कमी होड्या उतरतात. पैशाचा प्रश्न आहे का?

पैसा आहेच, पण त्याआधी वेळेचा हिशोब मांडा. सकाळी दहाला घर सोडलेला माणूस संध्याकाळी सहाला परततो, आणि त्यात प्रत्यक्ष शर्यत भरते जेमतेम चाळीस मिनिटं. बाकीचा वेळ वारा येण्याची, बोया हलवण्याची, मागची होडी पोचण्याची वाट बघण्यात जातो. दोन रविवार असे गेले की तिसऱ्याला लग्नकार्य निघतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी कोण येईनासं होतं ते बघा. पहिले तिघे कायम येतात, त्यांच्यासाठी काही करावं लागत नाही. आठवा, नववा, दहावा गळतो. तो शेवटच्या बोयाला वळसा घालतो तेव्हा पुढचे लोक शिडं गुंडाळत असतात आणि पंचांच्या होडीने नांगर उचललेला असतो. शर्यत शेवटच्या होडीकडे बघून आखावी, या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या नव्या होड्यांनी पडत नाही. खालची बरीच उत्तरं याच सवयीतून निघाली आहेत.

दुपारचं वेळापत्रक कसं असावं?

वाऱ्याप्रमाणे. मुंबई बंदरात हिवाळ्यात सकाळी ईशान्येकडून मतलई वारा असतो, तो दहा-अकराच्या सुमारास मरतो. मग वायव्येचा खारा वारा भरेपर्यंत एक-दीड वाजतो. मधल्या पोकळीत होड्या पाण्यात उतरवणं म्हणजे लोकांना उन्हात वाळवणं. म्हणून साडेबाराला जोडणी, सव्वा वाजता किनाऱ्यावरच पाच मिनिटांत दिवसाच्या सूचना, दोनला पहिली सुरुवात, पाठोपाठ चार शर्यती, प्रत्येकी २० ते २५ मिनिटांची. साडेचारला सगळे किनाऱ्यावर.

एका दीड तासाच्या शर्यतीपेक्षा चार छोट्या कधीही बऱ्या. एक सुरुवात फसली तर दिवस वाया जात नाही, आणि सगळ्यात अवघड कसब, म्हणजे सुरुवात, एका दुपारी चारदा घोटून होतं. मागची होडी मागे पडून पडून चार मिनिटं मागे पडते, वीस नव्हे.

२० मिनिटांच्या शर्यतीसाठी बोये किती अंतरावर टाकायचे?

मध्यम वाऱ्यात आयएलसीए ही होडी (जुनं नाव लेझर) वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढताना सरळ रेषेत मिनिटाला अंदाजे ८० ते ९० मीटर कापते. वरचा, म्हणजे वाऱ्याकडचा, बोया ४०० मीटरवर ठेवला तर चढायला पाच मिनिटं, उतरायला साधारण चार. दोन फेऱ्यांत शर्यत संपते. वारा पाच नॉटच्या (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) खाली गेला तर बोया २५० मीटरवर आणा. फेरी कमी करण्यापेक्षा हे बरं, कारण वळणं जास्त येतात आणि वळणावरच जागा पटकावता येतात.

सुरुवातीची रेषा किती लांब?

होड्यांची संख्या × होडीची लांबी × दीड. बारा आयएलसीए असतील तर १२ × ४.२ × १.५, म्हणजे सुमारे ७५ मीटर. रेषा वाऱ्याशी काटकोनात घ्या आणि मग डाव्या टोकाचा बोया पाचेक अंश वाऱ्याकडे सरकवा. असं केलं नाही तर सगळे उजव्या टोकाला, पंचांच्या होडीपाशी, लोकलच्या दारात करतात तशी गर्दी करतात. नवखे त्या चेंगराचेंगरीला घाबरून मागे राहतात आणि शर्यत सुरू होण्याआधीच हरतात.

पेट्रोल वाचवायचं असेल तर पंचांची होडीच नको. किनाऱ्यावर दोन उंच काठ्या एकामागे एक रोवा. त्या एका रेषेत दिसल्या की ती सुरुवातीची रेषा. बाहेरच्या टोकाला एक बोया पुरतो. मात्र वारा फिरून रेषेला समांतर वाहू लागला की ही सोय संपते. तलावावर वारा डोंगराच्या फटीतून ठरलेल्या दिशेने येत असेल, तिथे ती वर्षानुवर्षं चालते.

बोये विकत घ्यावेत की घरी बनवावेत?

घरी. वीस लिटरचा प्लॅस्टिक कॅन, नारिंगी रंग, झाकण सिलिकॉनने बंद. खाली १० ते १५ किलोचा सिमेंटचा ठोकळा. ठोकळा ओतताना त्यात सळईचा आकडा बसवायचा. तलावात दोरी खोलीच्या सव्वा ते दीडपट पुरते. भरती-ओहोटीच्या पाण्यात भरतीची खोली धरून दुप्पट-तिप्पट घ्या आणि ठोकळ्याऐवजी छोटा नांगर व दोन मीटर साखळी वापरा, नाहीतर बोया मांडव्याच्या दिशेने निघतो.

लोक नेहमी विसरतात ती गोष्ट अशी: कॅनच्या खाली दीड-दोन मीटरवर दोरीला एक किलोचं वजन अडकवा. त्याने मोकळी दोरी सरळ खाली जाते. ते नसेल तर दोरी पाण्यावर तरंगते, वळणाऱ्या होडीच्या डॅगरबोर्डात किंवा सुकाणूत अडकते आणि पाठोपाठ तीन होड्या एकमेकींवर येतात.

सुरुवातीचे इशारे फार किचकट वाटतात. सोपे करता येतात का?

येतात. शिडाच्या शर्यतींचे आंतरराष्ट्रीय नियम वर्ल्ड सेलिंग दर चार वर्षांनी काढते. सध्या २०२५–२०२८ ची आवृत्ती चालू आहे. त्यात मूळ क्रम ५-४-१-० मिनिटं असा आहे. पाचला वर्गाचा (होडीच्या प्रकाराचा) झेंडा वर, चारला तयारीचा झेंडा वर, एकला तो खाली, शून्याला वर्गाचा झेंडा खाली. क्लबाच्या शर्यतसूचनांमध्ये लेखी नमूद करून हा क्रम ३-२-१-० करता येतो. चार शर्यतींत तेवढीच आठ मिनिटं वाचतात. एखादी होडी आधी निघाली तर निळ्या अधिक-चिन्हाचा पांढरा झेंडा आणि एक आवाज. जवळून जाणाऱ्या पंचाने तिचा नंबर ओरडून सांगितला तर क्लब पातळीवर कोणाचं काही बिघडत नाही. ही मुभाही सूचनांत लिहून ठेवा.

भरती-ओहोटीचा विचार किती करायचा?

मुंबईत, रेवदंड्यात, गोव्याच्या नद्यांच्या तोंडाशी भरपूर. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. हलक्या वाऱ्यात ओहोटी लागली की होड्या रेषेकडे तोंड करून मागे मागे जातात.

कोकणातलं जुनं गणित इथे कामाचं आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे पूर्ण भरती. याचा अर्थ उधाणाच्या रविवारी रॅम्पवर पाणी छान असतं, पण दोननंतर ओहोटीचा जोर बेफाम. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, दुपारी पाणी उतरलेलं असतं तरी फार खाली जात नाही आणि प्रवाह मवाळ असतो. नवख्यांच्या शर्यती भांगाच्या रविवारी ठेवा, जाणत्यांच्या उधाणाला. नेमकी वेळ मात्र छापील तक्त्यावरूनच घ्या.

क्लबाने कोणती होडी निवडावी?

आधीच आजूबाजूच्या पाण्यावर जी आहे ती. शर्यतीला प्रतिस्पर्धी लागतो. जगातली सर्वोत्तम होडी एकटी असेल तर ती सहलीची होडी. तीन नावं पुन्हा पुन्हा येतात.

ऑप्टिमिस्ट: १९४७ साली क्लार्क मिल्स यांनी फ्लोरिडात मुलांसाठी आखलेली चौकोनी नाकाची पेटी. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन ३५ किलो. ज्या वर्षी मूल पंधराचं होतं त्या वर्षापर्यंत शर्यतीला चालते.

आयएलसीए: एकट्याची, ४.२ मीटर. हिची खुबी म्हणजे होडी एकच आणि शिडं तीन. आयएलसीए ४ चं शीड ४.७ चौरस मीटर, ६ चं ५.७६, ७ चं ७.०६. खालची डोलकाठी आणि शीड बदललं की पन्नास-पंचावन्न किलोची मुलगी आणि ऐंशी किलोचे तिचे काका एकच होडी आळीपाळीने चालवतात. क्लबाच्या पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग सापडणं कठीण. शिवाय ६ आणि ७ ऑलिंपिकमध्ये असल्यामुळे सुटे भाग मिळतात.

एंटरप्राइज: जॅक होल्ट यांची १९५६ ची, दोघांची, निळ्या शिडांची. ट्रॅपीझ (होडीबाहेर लटकायची तार) नाही, स्पिनेकर (पुढचं मोठं फुगणारं शीड) नाही, म्हणून खर्च कमी आणि शिकायला सोपी. सोपी म्हणजे पोरकट, असं समजू नका. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या तेव्हा एंटरप्राइजचं सुवर्ण पाकिस्तानच्या बायराम आणि गोश्पी अवारी या नवरा-बायकोने नेलं. (फायरबॉल या दुसऱ्या होडीच्या शर्यतीत आपल्या फरोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं.) दोघांच्या होडीचा आणखी एक फायदा: नवखा माणूस पहिल्याच दिवशी जाणत्याबरोबर शर्यतीत बसतो.

वेगवेगळ्या होड्या एकत्र उतरवल्या तर निकाल कसा लावायचा?

ब्रिटनमध्ये वापरतात तो पोर्टस्मथ यार्डस्टिक आकडा घ्या. लागलेले सेकंद × १००० ÷ आकडा. समजा आयएलसीए ७ चा आकडा ११०० आणि एंटरप्राइजचा ११२० धरला (उदाहरणापुरते गोल आकडे, खरे दर वर्षी बदलतात). दोघींना सारखेच १९८० सेकंद लागले. आयएलसीएचा हिशोबी वेळ १८००, एंटरप्राइजचा १७६८. एंटरप्राइज जिंकली.

हळू होड्यांना कमी फेऱ्यांतच थांबवा. त्यांचा सरासरी फेरीचा वेळ काढून जास्तीत जास्त फेऱ्यांनी गुणा: ऑप्टिमिस्टने दोन फेऱ्या ३६ मिनिटांत केल्या आणि पुढच्यांनी तीन, तर तिचा वेळ ५४ मिनिटं धरायचा. आकडे ब्रिटनच्या वाऱ्यापाण्यावरून निघालेले असतात, त्यामुळे मोसमाच्या शेवटी आपल्या निकालांवरून थोडे सरकवायला हरकत नाही. दर रविवारी सरकवू नका, वाद होतात.

कॅल्क्युलेटरशिवाय काही?

पाठलागाची शर्यत. हळू होडी आधी निघते, वेगवान मागून, आणि ठरलेल्या मिनिटाला जी पुढे ती विजेती. उशीर = एकूण वेळ × (१ − आपला आकडा ÷ सगळ्यात हळू होडीचा आकडा). एक तासाच्या शर्यतीत ऑप्टिमिस्टला १६४० आणि आयएलसीए ७ ला ११०० धरले तर दुसरी वीस मिनिटांनी निघते. शेवटची दहा मिनिटं किनाऱ्यावरच्या आजीलाही कळतं कोण कोणाला गाठतंय. वर्षातून तीन-चारदा, पालक आणि पाहुणे येतात त्या दिवशी ठेवा.

जुनी आयएलसीए घेताना काय तपासायचं?

डोलकाठीचं भोक. त्यात काठोकाठ पाणी भरा, पंधरा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर तळाशी चीर आहे. ही चीर दुर्लक्षित राहिली की एखाद्या जोरदार दुपारी डोलकाठी डेकचा तुकडा घेऊन उपटते.

मग कॉकपिटचा तळ आणि डॅगरबोर्डच्या खाचेभोवतीचा भाग अंगठ्याने दाबा. मऊ लागला किंवा ‘टक’ऐवजी ‘थप’ वाजला, तर आतला थर सुटलाय. वजनकाटा न्या: रिकामी होडी सुमारे ५९ किलोची असते. ६५ च्या वर भरली तर आत पाणी किंवा मागच्या दुरुस्त्यांचं फायबर आहे.

गळती शोधायला साबणाचं पाणी सांध्यांवर लावा आणि मागच्या बुचाच्या भोकातून तोंडाने फुंका. बुडबुडे दिसतील तिथे गळती. कॉम्प्रेसर लावू नका, डेक आणि तळ यांचा जोडच उकलतो. वरची डोलकाठी जमिनीवर लोळवा. वाकलेली असेल तर लंगडत जाते. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्याने खाल्लंय आणि ती तिथेच मोडणार. शीड जुनं असेल तर घाबरू नका, तेवढं बदलता येतं.

खर्च नेमका कुठे जातो आणि कुठे वाचतो?

होडी एकदाच घेतली जाते. पैसा झिरपतो तो शिडं आणि रेस्क्यू बोटीचं पेट्रोल यांत.

शिडाचं आयुष्य फडफडण्याने आणि उन्हाने संपतं. होडी किनाऱ्यावर उभी असताना शीड फडफडत ठेवलं तर अर्ध्या तासात शर्यतभराची झीज होते. उतरवा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, नळीसारखं गुंडाळा. घडी घालू नका. क्लबाच्या नियमात एक ओळ घाला: एका होडीला दोन मोसमांत एकच नवं शीड. आयएलसीएच्या अधिकृत स्पर्धांना मान्यताप्राप्त शीडच लागतं, पण रविवारच्या शर्यतीत सगळ्यांनी स्वस्त सरावाचं शीड लावायचं ठरवलं तर कोणी अडवत नाही. अट एवढीच की सगळ्यांनी लावायचं. एकाने नवं करकरीत लावलं की शस्त्रस्पर्धा सुरू.

आणि होडी भागीत घ्या. तिघांत एक आयएलसीए, चार शर्यतींत आळीपाळी. ज्याची पाळी नाही तो वेळ नोंदवतो, त्यामुळे पंचही फुकट मिळतो.

फायबरची छोटी चीर घरी भरता येते का?

येते. चिरेभोवती १:१२ उतार घासा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या तळाला प्रत्येक बाजूला ३६ मिलिमीटर. गोड्या पाण्याने मीठ धुऊन दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर १ ते २ टक्के; एप्रिलच्या उन्हात १ टक्काच, नाहीतर भांड्यातच तापून दगड होतो. दुकानात ॲक्सिलरेटर वेगळा मिळाला तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. ॲक्सिलरेटर आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, स्फोट होऊ शकतो. पावसाळी दमट हवेत हे काम काढू नका, थर चिकट राहतो. इपॉक्सीने दुरुस्त केलं असेल तर वरून नेहमीचा जेलकोट नीट धरत नाही, तिथे रंग लावा.

नवख्याला किती नियम शिकवायचे?

चार. वारा डाव्या बाजूने घेणारा (पोर्ट टॅक) उजव्या बाजूने घेणाऱ्याला (स्टारबोर्ड टॅक) वाट देतो. दोघंही एकाच टॅकवर असतील तर वाऱ्याकडचा वाऱ्याखालच्याला वाट देतो. मागचा पुढच्याला. बोयापासून तीन होड्यांच्या लांबीच्या आत शिरताना आतल्याला वळायला जागा. चूक झाली की दोन गिरक्या, बोयाला लागलं की एक. बाकीचं पुढच्या वर्षी.

पण नियमांआधी उलटणं शिकवा, तेही मुद्दाम उलटवून. मेनशीट (मुख्य शीड ओढायची दोरी) आणि व्हँग (शिडाखालची आडवी काठी खाली खेचणारी दोरी) सैल, होडीचं तोंड वाऱ्याकडे, डॅगरबोर्ड पूर्ण बाहेर, त्याला धरून मागे रेला. होडी पूर्ण पालथी होण्याआधी डॅगरबोर्डपाशी पोचायचं. उथळ तलावात पालथी झाली तर डोलकाठीचं टोक चिखलात रुततं आणि ओढताना वाकतं. शिकाऊ होड्यांच्या शिडाच्या टोकाला रिकामी बाटली बांधली तरी पुष्कळ वाचतं.

दर रविवारी तेच तिघे जिंकतात. बाकीच्यांचा उत्साह कसा टिकवायचा?

वैयक्तिक हँडिकॅप. जिंकणाऱ्याच्या वेळेत पुढच्या वेळी १ टक्का वाढवा (३० मिनिटांच्या शर्यतीत १८ सेकंद), शेवटच्या तिघांचा १ टक्का कमी करा. ढाल खऱ्या निकालाला, चहाचं बक्षीस हँडिकॅपच्या निकालाला. दुसरा उपाय क्रूर पण गमतीचा: पहिल्या शर्यतीनंतर पहिल्याने आणि शेवटच्याने होड्या बदलायच्या. ‘माझी होडीच जुनी आहे’ हा मुद्दा दोन रविवारांत निकाली निघतो.

गुण कसे द्यायचे?

पहिल्याला १, दुसऱ्याला २, कमी गुण तो वर. मोसमात २० शर्यती असतील तर प्रत्येकाच्या सर्वोत्तम १० मोजा. सगळ्या मोजल्या तर डिसेंबरमध्ये दोन रविवार बुडालेला माणूस जानेवारीत फिरकत नाही. पंचाच्या पाळीवर असलेल्याला त्याचे सरासरी गुण द्या, हे सूचनांत आधीच लिहा.

प्रोटेस्टमुळे (नियमभंगाच्या तक्रारीमुळे) संबंध बिघडतात.

तीन माणसांची सुनावणी संध्याकाळी सातपर्यंत लांबली की बिघडणारच. नियमपुस्तकातच लवादाची सोय आहे. एक जाणता माणूस दोघांचं ऐकून मत देतो आणि चुकलेला शर्यतीनंतरही ३० टक्के गुणांचा दंड घेऊन मोकळा होतो. दहा मिनिटं, वड्याच्या टेबलावर.

रेस्क्यू बोटी किती?

जाणत्यांच्या दहा होड्यांमागे एक, नवख्यांच्या सहांमागे एक. किल कॉर्ड (चालक पडला की इंजिन बंद करणारी दोरी) चालकाच्या पायाला बांधलेली, सुरी हाताशी. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंद. आधी माणूस, मग होडी. लाइफजॅकेट सगळ्यांना, सदा सर्वकाळ.

परवानगी कोणाची?

धरणाच्या जलाशयावर जलसंपदा विभाग, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मेरीटाइम बोर्ड, मुंबई बंदरात बंदर प्राधिकरण. मोसम सुरू होण्याच्या तीन महिने आधी अर्ज करा.

पावसाळ्यात काय?

समुद्र बंद. हैदराबादला हुसेन सागरावर मात्र पावसाळी वाऱ्यातच मोठ्या शर्यती होतात, मुलांना तिथे पाठवण्यासारखं आहे. किनाऱ्यावरच्या होड्या पालथ्या, कडांवर टेकवून, बूच काढून ठेवा. तलावावर खेळणार असाल तर जलपर्णीकडे लक्ष द्या. डॅगरबोर्ड क्षणभर वर ओढला की गुंता सुटतो.

आमच्याकडे चारच होड्या आहेत. शर्यत होते का?

होते, आणि चांगली होते. दोन विरुद्ध दोन अशी सांघिक शर्यत लावा. नियम एवढाच: ज्या संघाची होडी शेवटची, तो संघ हरला. त्यामुळे पहिला असलेला शेवटची रेषा ओलांडण्याआधीच थांबून मागच्या जोडीदारासाठी वाट मोकळी करायला परत फिरतो. शर्यत आठ-दहा मिनिटांची ठेवा, जोड्या दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि प्रत्येक शर्यतीनंतर होड्या बदला. दुपारभरात आठ शर्यती आरामात होतात.